झुमरेताची तिसरी कॉफी

झुमरेताला गावात सगळे ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतात. आपण डॉक्टर नाही, हे तिने सुरुवातीला प्रत्येकाला घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. “मी नुसती बोलते, औषध देत नाही,” ती सांगायची. माणसं समजल्यासारखी मान हलवायची आणि दारातून वळून विचारायची, “मग डॉक्टरीणबाई, गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?” शेवटी तिनेच नाद सोडला.

झेनित्सा आणि दोबोय यांच्या मधे, बोस्ना नदीच्या काठावर आमचं गाव आहे. तिथल्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरला लागून, तिची खोली. दारावर ‘मानसिक आरोग्य’ अशी ठसठशीत पाटी आहे, आणि त्या पाटीखालून आत शिरताना कोणी पाहिलं तर संध्याकाळपर्यंत बाजारभर होतं. म्हणून तिच्याकडे येणारा प्रत्येक माणूस जिना चढताना गाल हाताने धरून येतो. दात दुखतोय असं सोंग. नर्स मेव्लिदा खाली टेबलाशी बसलेली असते. कोणी उजवा गाल धरून वर गेला आणि डावा धरून खाली आला, तर ती मान वर न करता म्हणते, “दात हलला वाटतं तुमचा.”

झुमरेता आधी शाळेत मास्तरीण होती. युद्ध संपल्यावर वर्गात पोरं बसायची ती अर्धी खिडकीकडे बघत बसायची, आणि त्यांना गुणाकार शिकवणं तिच्या जिवावर यायला लागलं. तेव्हा सारायेव्होत परदेशी मंडळी माणसांचं ऐकून घ्यायचं शिक्षण देत होती, तिथे ती गेली. चांगली होती ती मंडळी, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. त्यांनी तिला खूप शिकवलं. खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या, भिंतीवर घड्याळ, टेबलावर कागदी रुमालांचा डबा, आणि खाणंपिणं बिलकुल नाही. झुमरेताने सगळं जसंच्या तसं केलं.

आणि झालं काय, तर माणसं यायची, टोपी गुडघ्यावर ठेवून बसायची, “कसं वाटतंय?” म्हटलं की “बरं आहे, देवाची कृपा,” म्हणायची आणि घड्याळाकडे बघून उठायची. ज्याचा मुलगा सापडला नव्हता तोही बरा होता. जिला रात्री झोप नव्हती तीही बरी होती. वरच्या मोहल्ल्यातल्या एका म्हातारीने तर भर बाजारात तिची अब्रू काढली. “माझ्या मेलेल्या माणसांची चौकशी केली, आणि एक घोट कॉफी घेता का म्हणून विचारलं नाही. अगं, मला पोलिसांनी चौकशीला नेलं होतं, त्यांनीसुद्धा कॉफी पाजली.”

हे ऐकून झुमरेता दोन दिवस घरात तोंड लपवून बसली. तिसऱ्या दिवशी तिने आईचं तांब्याचं जेझवा, म्हणजे आमचं लांब दांड्याचं कॉफीचं भांडं, कपड्यात गुंडाळून दवाखान्यात आणलं. बरोबर बिनकानाचे छोटे कप आणि एक विजेची शेगडी. घड्याळ काढून कपाटात ठेवलं. ते अजून तिथेच बंद पडून आहे.

आमच्याकडे पाहुण्याला कॉफी तीनदा होते. पहिली आल्या-आल्याची. दुसरी बोलण्याची, ती लांबते, थंड होते, पुन्हा ओतली जाते, साखरेचा खडा बुडवून कुरतडत तासभर चालते. आणि तिसरी हाकलण्याची. ती पुढ्यात आली की पाहुण्याने समजायचं आणि कोट शोधायचा. आता ही तिसरी कोणी खरोखर देत नाही. दिलीच तर मेव्हण्याला किंवा जिवलग मित्राला, तेही हसत-हसत. अनोळखी माणसाला दिली तर पिढ्यान्‌पिढ्या तोंड बघणार नाहीत. झुमरेताने पहिल्या दोन कॉफ्यांवर आपलं सगळं काम उभं केलं. पहिलीला हवापाणी, दुसरीला जे असेल ते. तिसरी तिच्या खोलीत कधीच झाली नाही. माणूस आपणहून उठेल तेव्हा उठेल.

खुर्च्याही तिने फिरवल्या. समोरासमोर बसवलं की आमचा माणूस, त्यातून पुरुष, आरोपीसारखा आखडतो. तिने दोन्ही खुर्च्या शेजारी-शेजारी खिडकीकडे तोंड करून मांडल्या. खिडकीतून बसथांबा दिसतो, त्यामागे आलुबुखाऱ्याच्या बागा आणि टेकडी. माणूस बसथांब्याकडे बघत बसतो आणि बसथांब्यालाच सांगितल्यासारखं सांगून टाकतो. “कसं वाटतंय?” हा प्रश्न तिने कायमचा बंद केला. त्याऐवजी ती विचारते, “आज घरात कॉफी कोणी ठेवली?” या एका प्रश्नाने निम्मं घर बाहेर पडतं. कागदी रुमाल तर ती मुळीच पुढे करत नाही. तिचं म्हणणं, रुमाल दिला की रडणाऱ्याला वाटतं, आता पुरे करा असं सांगताहेत. वाहू द्यावं. बाही असतेच पुसायला.

एका बाबतीत मात्र ती कडक होती. जे असेल ते तोंडाने म्हणायचं. एक सून तिच्याकडे यायची. सासूवरचा सगळा राग ती भांड्यांच्या झाकणांवर काढायची. झुमरेता तिला म्हणाली, “झाकणं आपटून तिला काय कळणार गं? तिला वाटत असेल तुझ्या हातून सटकतात. तोंडाने म्हण.” सून बरेच दिवस घाबरत राहिली आणि एकदा स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, “आई, मी थकलेय.” सासू म्हणाली, “मग बस की.” एवढंच. ती सून झुमरेताकडे येऊन हे सांगताना जे रडली, ते शेजारच्या दातांच्या डॉक्टरलासुद्धा ऐकू गेलं.

असं काम चाललं होतं. आणि मग एश्रेफ आमिजा आले.

आमिजा म्हणजे काका. झुमरेता त्यांना पहिल्या दिवसापासून तसंच म्हणायला लागली. ते फर्निचरच्या कारखान्यात जन्मभर सुतार होते, आता निवृत्त. बायको हायरिया वारली आणि झोप उडाली, म्हणून खालच्या डॉक्टरने वर पाठवलं. ते गाल न धरता आले. “दात सगळे गेलेत माझे,” ते मेव्लिदाला म्हणाले, “खोटं तरी कुठल्या तोंडाने बोलू?”

गुरुवार त्यांचा. येताना हातात काही ना काही असायचं, अक्रोड, आलुबुखारे, एकदा तर खिडकीची नवी कडी, कारण जुनी हलते हे त्यांनी पहिल्या भेटीतच हेरलं होतं. कॉफी ओठाला लावण्याआधी ते घशातल्या घशात काहीतरी गुणगुणायचे. झुमरेताचे वडीलही असेच गुणगुणायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ती एकटीच राहत होती. तेव्हा गुरुवार उजाडला की तिचं मन हलकं व्हायचं, बुधवारी ती साखरेचे खडे आहेत ना बघून ठेवायची. हे तिने कोणाला सांगितलं नाही. तिने कुणाला काही तोंडाने सांगावं असं तिच्या घरात उरलंच कोण होतं?

आमिजा बोलायचे भरपूर. कारखान्यातल्या गमती, लाकडाच्या जाती, हायरियाच्या हातचं बुरेक, म्हणजे खिमा भरलेली पापुद्र्यांची गुंडाळी. त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे हायरियाला मागणी घालायला गेले होते ती. सासऱ्याला हा पोरगा पसंत नव्हता. त्याने पहिली कॉफी दिली, दुसरी दिली, आणि लगोलग तिसरी आणून आदळली.

“मग तुम्ही काय केलंत?” झुमरेता दरवेळी विचारायची, तिला पाठ असूनही.

“प्यायलो. आणि म्हटलं, फार छान झालीये, अजून एक मिळेल का? म्हातारा बघतच राहिला. आतून हायरिया फिस्सकन हसली. संपलं, लग्न ठरलं.”

झोपेचं मात्र जिथल्या तिथे होतं. ते स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपायचे, पलंगावर नाही. झुमरेताला त्यात काही वेगळं वाटलं नाही. आमच्याकडचे कितीतरी विधुर बायकोमागे पलंग सोडतात. विचारलं की ते म्हणत, “बाकावर पाठीला बरं पडतं,” आणि बसथांब्याकडे बघत राहत.

वर्षं अशीच गेली. मग एका फेब्रुवारीच्या सकाळी मेव्लिदा वर आली आणि दार लावून उभी राहिली. ती दार लावते तेव्हा काहीतरी खास असतं.

“तुझ्या सुताराच्या मुलीचा फोन होता. परदेशातून, लिंत्सहून. विल्दाना.”

“काय म्हणाली?”

“तिला मूल होणार आहे. चाळिशीत, पहिलंच. नवरा कामावर, सासरचं कोणी नाही. बापाला ये-ये म्हणून विनवतेय, आणि हे काय सांगतात माहितीये? गुरुवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचं असतं, म्हणून जमत नाही.” मेव्लिदाने हाताची घडी घातली. “रडत होती बिचारी. म्हणाली, तुमच्या बाईंना सांगा, माझ्या बाबोला सोडा.”

झुमरेताला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. “मी धरून ठेवलंय का त्यांना?”

“मला काय विचारतेस? मी आपली खाली बसते,” मेव्लिदा म्हणाली. जाता-जाता दारात थांबली आणि मऊ आवाजात म्हणाली, “पण बाई, गुरुवारी तू ओठ रंगवून येतेस. इतर दिवशी नाही.”

त्यात वावगं काही नव्हतं. बापासमान माणूस घरी येणार म्हणून एखादी मुलगी नीटनेटकी राहते, तसं होतं ते. पण झुमरेता त्या दिवशी घरी जाऊन बराच वेळ विचार करत बसली. हा माणूस बरा होत नाहीये, नुसता येतोय. आणि तो येतोय ते मला आवडतं, म्हणून मी बघूनही बघत नाहीये. म्हणजे त्याला जाऊ द्यायला हवं. गुरुवारी सरळ सांगायचं, असं तिने ठरवलं.

गुरुवार आला. आमिजा आले, बरोबर वाळवलेले पेअर. पहिली कॉफी झाली. दुसरी झाली. झुमरेताने तीनदा तोंड उघडलं. एकदा लिंत्सच्या हवेबद्दल बोलली, एकदा बसच्या वेळांबद्दल, एकदा “मूल होणं म्हणजे मोठीच गोष्ट,” असं काहीतरी पुटपुटली. आमिजा हं-हं करत राहिले. सांगायचं ते काही जिभेवर येईना. इतकी वर्षं ज्या बाईने सगळ्या गावाला तोंडाने म्हणायला लावलं, तिची स्वतःची वेळ आली तेव्हा वाचा बसली. आणि मग तिला ती सासऱ्याची गोष्ट आठवली, आणि वाटलं, हे हसतील. हसता-हसता समजतील. ती उठली, शेगडीवर जेझवा चढवलं आणि त्यांच्या पुढ्यात तिसरी कॉफी ठेवली.

आमिजांनी कपाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. ते हसले नाहीत. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, खुर्चीच्या दांड्याला धरून उठले, म्हणाले, “अल्लाच्या हवाली, डॉक्टरीणबाई,” आणि गेले. कप भरलेलाच राहिला. सासरा त्यांना तेव्हा परका होता, परक्याने हाकललं तर हसण्यावारी नेता येतं. झुमरेता परकी नव्हती, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बाजारात दिसले तर रस्ता ओलांडून पलीकडे गेले, तेही लोणी विकणाऱ्या बाईच्या देखत, म्हणजे गावाला कळायला वेळ लागला नाही. आणि लिंत्सलाही गेले नाहीत. मेव्लिदाने बातमी आणली की म्हातारा घराबाहेर पडत नाही, शुक्रवारी मशिदीत नव्हता, चुलीचा धूरही दिसत नाही.

“मी फोन करते,” झुमरेता म्हणाली.

“फोन कसला करतेस? जा,” मेव्लिदा म्हणाली.

घरी जायचं नाही, हाही सारायेव्होत शिकलेला नियम होता, आणि हा तिने आजवर पाळला होता. त्या दुपारी तिने खोलीला कुलूप लावलं आणि चढाची वाट धरली. कडेला घाणेरडा बर्फ वितळत होता.

आमिजांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, अंगात दोन स्वेटर. ते तिच्याकडे बघत राहिले, दार धरूनच.

“आत या, म्हणावं लागतंय,” ते म्हणाले. “उंबऱ्यावरून माघारी पाठवायची रीत आमच्या घरात नाही. तुमच्याकडे असेल.”

तिने बूट काढले आणि आत गेली. चूल विझलेली. बाकावर गोधडी, उशी. आतल्या खोलीचं दार बंद होतं. आमिजा बाकाच्या टोकाला बसले आणि कॉफीचं नावही काढलं नाही. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही, आणि तो तिला मिळायलाच हवा होता.

“आमिजा, माझी चूक झाली,” झुमरेता म्हणाली. “ती कॉफी मी द्यायला नको होती. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती, आणि सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून मी कपाच्या आड लपले. आता सांगते. तुम्ही येणं बंद कराल याची मला भीती वाटते. गुरुवारची मी वाट बघते. माझे वडील गेल्यापासून मी कोणाचीच अशी वाट बघितली नव्हती. म्हणून तुम्हाला विल्दानाकडे जा म्हणणं मला जड गेलं. आणि तुम्ही जायला हवं असंही मला वाटतं. दोन्ही खरं आहे.”



“मला वाटलं कंटाळलात,” आमिजा म्हणाले. “म्हातारा तेच-तेच दळतो.”

“नाही हो. मला ती गोष्ट दरवेळी नवीच वाटते.”

“खोटं बोलू नका. पाठ आहे तुम्हाला.”

“पाठ आहे. तरी वाटते.”

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसू नव्हतं. “पोरी,” ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांत त्यांनी तिला असं प्रथमच म्हटलं, “तुझ्यामुळे मी जात नाही, असं मी तिला सांगतो. ते खोटं आहे. तुझी ढाल केली मी. मला जाववत नाही.”

इथे समोर खिडकी नव्हती, बसथांबा नव्हता. आमिजा विझलेल्या चुलीकडे बघत बोलायला लागले.

“हायरिया गेली तेव्हा मी लिंत्सला होतो. हे मी तुला सांगितलं नाही.”

नव्हतंच सांगितलं. ते घरात होते असंच झुमरेता धरून चालली होती, कधी विचारायचंही तिला सुचलं नव्हतं.

“विल्दानाने नवं घर घेतलं. स्वयंपाकघराची कपाटं बसवायला बाबो तूच ये, म्हणाली. तिथले सुतार नकोत, तूच हवास. हायरियाचा पाय निघेना. हिवाळ्यासाठी भोपळी मिरच्या भाजून बरण्यांत भरायच्या होत्या. पोतंभर घेऊन बसली होती. म्हणाली, तू हो पुढे. मी गेलो. तिसऱ्या दिवशी शेजारणीचा फोन.” त्यांनी तळहात तोंडावरून फिरवला. “मिरच्या सगळ्या सोलून, बरण्या भरून, झाकणं लावून ठेवल्या होत्या. ती पलंगावर होती. हृदय, डॉक्टर म्हणाले.”

“आमिजा.”

“थांब. शेजारणीने सांगितलं ते ऐक. ती पलंगाच्या मधोमध होती. अगं, आमचं लग्न झाल्या दिवसापासून ती भिंतीकडच्या बाजूला झोपते. मी दाराकडे. कधी बदल नाही. आणि ती मधोमध होती, एक हात माझ्या बाजूला टाकलेला. म्हणजे तिला कळ आली आणि ती माझ्याकडे सरकत आली. मला शोधत आली. आणि मी नव्हतो. मी लिंत्समध्ये बिजागऱ्या लावत होतो.”

झुमरेताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तिने ते वाहू दिलं. बंद दारामागे तो पलंग तसाच असणार, हे तिला कळलं. तिने इतके दिवस या माणसाला चुकीचं ओळखलं होतं. तिला वाटलं होतं तो तिच्या खोलीला चिकटून बसलाय. तो त्या पलंगाजवळून हलत नव्हता, पुन्हा घर सोडून जायची छाती होत नव्हती त्याला.

“आणि अजून एक आहे,” आमिजा म्हणाले, अगदी हळू. “मी पोरीला दोष देतो. तिने बोलावलं नसतं तर मी इथे असतो. पोटची पोर, आणि मी तिला दोष देतो. असल्या तोंडाने तिचं बाळ कसं मांडीवर घेऊ?”

तसं काही नाही हो, तिचा काय दोष, असलं एक अक्षर झुमरेताने काढलं नाही. ती उठून बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसली. दोघं चुलीकडे बघत बसले. बाहेर छपरावरून वितळलेलं पाणी टपकत होतं. मग तिने विचारलं, “हायरियाचं शेवटचं बोलणं कोणाशी झालं?”

“विल्दानाशी. त्या संध्याकाळी. मी सामान आणायला दुकानात गेलो होतो.”

“काय म्हणाली ती?”

आमिजांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “विचारलं नाही.”

“कधीच?”

“विचारायला गेलो तर तोंडातून दुसरंच काही निघेल अशी भीती वाटायची. मग मी फोनवर हवा विचारतो. ती सांगते. मी ठेवतो.”

“आता विचारा,” झुमरेता म्हणाली. “मी बसते इथे. किंवा जाते, तुम्ही म्हणाल तसं.”

“बस,” ते म्हणाले.

फोन त्यांनी गोधडीखालून शोधून काढला. कानांनी कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकर लावून बोलायचे, फोन तळहातावर ठेवून, तोंडासमोर धरून. पलीकडे दोनदा वाजला आणि विल्दानाचा आवाज आला, घाईचा, घाबरलेला.

“बाबो? काय झालं? बरा आहेस ना?”

“बरा आहे. तू कशी आहेस?”

“ठीक. पाय सुजलेत. इकडे पाऊस आहे.” ती सवयीने हवा सांगून मोकळी झाली आणि थांबली.

आमिजांचा अंगठा फोनच्या कडेवर फिरत होता. लाल बटण दाबून टाकणं किती सोपं होतं.

“विल्दाना. त्या संध्याकाळी आई तुला काय म्हणाली?”

पलीकडे इतका वेळ काही आवाज आला नाही की आमिजांनी फोन कानाला लावून पाहिला.

“कशाला विचारतोस?”

“सांग.”

“तुला वाईट वाटेल, बाबो. म्हणून मी कधी बोलले नाही. शेवटचं बोलणं, आणि ते असलं.”

“सांग पोरी. मला ऐकायचंय.”

“ती हसत होती,” विल्दाना म्हणाली. “मिरच्या झाल्या म्हणाली, पाठ मोडली म्हणाली. आणि म्हणाली, त्याला आठवडाभर तरी तिकडेच डांबून ठेव गं. त्याच्या घोरण्यातून सुटले एकदाची. काल रात्री मी पलंगाच्या मधोमध झोपले, हातपाय पसरून, राणीसारखी. इतकी वर्षं भिंतीला नाक लावून काढली, आज पण मधोमधच झोपणार आहे.”

फोन तळहातावर तसाच होता.

“मधोमध?” ते म्हणाले.

“मधोमध. बाबो? तू रागावलास ना? ती मस्करी करत होती रे. तुला माहितीये ती कशी होती.”

“काल रात्री पण झोपली होती म्हणाली? आदल्या रात्री?”

“हो. म्हणाली, इतकं सुख लागलं.”

आमिजांच्या घशातून एक आवाज निघाला. झुमरेताला आधी वाटलं खोकला आहे. मग तिने पाहिलं की ते हसताहेत, आणि हसता-हसता रडताहेत, तोंड उघडं टाकून, दात नसलेल्या हिरड्या दिसेपर्यंत. पलीकडे विल्दाना “बाबो, बाबो” करत होती आणि तीही रडत होती. झुमरेता मधे बोलली नाही. हे तिचं घर नव्हतं आणि हे रडणंही तिचं नव्हतं, तरी ते तिच्यापर्यंत पुरेपूर पोचत होतं.

“मला वाटलं,” आमिजा म्हणाले, आणि त्यांना पुन्हा सुरुवात करावी लागली, “मला वाटलं ती मला शोधत होती. मी इतके दिवस असं समजत होतो, विल्दाना. आणि तुझ्यावर रागावलो होतो. तू बोलावलंस म्हणून. हे तोंडाने म्हणतो आता. मी तुझ्यावर फार रागावलो होतो.”

“मला माहितीये,” विल्दाना म्हणाली. “मला रोज माहीत होतं. तू विचारशील म्हणून थांबले होते.”

आमिजांनी बाहीने नाक पुसलं, बंद दाराकडे पाहिलं आणि मग फोनकडे.

“तुमचं घर लहान आहे ना?” त्यांनी विचारलं.

“दोन खोल्या. का?”

“बाळ झोपायचं नाही. मी अजून घोरतो.”

“घोर,” विल्दाना म्हणाली. “इकडे ये आणि घोर, बाबो.”